कारचा वायपर बंद पडला? इलेक्ट्रिकल पार्ट स्वस्तात मिळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात वायपरवाल्यांची रांग लागते. आठ महिने न वापरलेली वस्तू नेमकी हवी तेव्हाच दगा देते आणि घाईत माणूस दोनशेच्या कामाचे चार हजार मोजतो. खालची उत्तरं वॉरंटी संपलेल्या, साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात न लावता सर्व्हिस सेंटरला न्या. किमती ढोबळ आहेत. गाडी आणि गाव बदललं की त्याही बदलतात.

वायपर चालत नाही म्हणजे मोटर गेली असंच समजायचं का?

नाही. मोटर हा या साखळीतला सगळ्यात महाग पार्ट आहे, म्हणून संशय सगळ्यात शेवटी तिच्यावर घ्यायचा. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), स्टिअरिंगजवळची दांडी म्हणजे कॉम्बिनेशन स्विच, वायरिंग आणि कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) असा फिरून मोटरपर्यंत जातो, आणि तिथून अर्थिंगने बॉडीत परत येतो. यातलं काहीही तुटलं तरी काचेवर दिसणारा परिणाम एकच. फ्यूज दहा-वीस रुपयांचा, साधा रिले शंभर-दोनशेचा, अर्थिंगचा बोल्ट घासायला सँडपेपरचा तुकडा पुरतो. हे सगळं तपासून झाल्यावर मोटरकडे वळा.

"मोटर बदलावी लागेल" असं न तपासता सांगणारा मिस्त्री लबाडच असतो असं नाही. मोटर बदलली की बऱ्याचदा कपलर नव्याने बसतो, अर्थिंगचा बोल्ट नव्याने आवळला जातो आणि वायपर चालू होतो. काम झालं म्हणून गिऱ्हाईकही खूश होतं. खरा दोष अर्थिंगमध्ये होता हे मात्र कुणालाच कळत नाही.

लक्षणावरून बिघाड कुठे आहे ते ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. चावी फिरवा, वायपर चालू करा आणि आधी कान द्या.

काहीच आवाज नाही, कुठल्याच स्पीडला हालचाल नाही: फ्यूज, रिले, अर्थिंग किंवा कपलर; हे ठीक निघाले तर स्विच किंवा मोटर. मोटरचा घुर्र आवाज येतो पण वायपरच्या दांड्या हलत नाहीत: हा इलेक्ट्रिकल बिघाडच नव्हे. लिंकेजचा, म्हणजे मोटरला वायपरशी जोडणाऱ्या पट्ट्यांचा, बॉल जॉइंट निखळला आहे, त्यातला नायलॉनचा बुश झिजला आहे किंवा वायपरच्या दांडीखालचा नट सैल झाला आहे. फक्त फास्ट चालतो, स्लो नाही, किंवा याच्या उलट: स्टिअरिंगजवळच्या दांडीतला स्विच किंवा मोटरमधला एखादा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारा कार्बनचा तुकडा). दोन्ही स्पीड ठीक पण थांबून थांबून चालणारा टप्पा गेला: इंटरमिटंट रिले, आणि नव्या गाडीत बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-वायपर सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. बंद केल्यावर काचेच्या मधोमध थांबतो: मोटरच्या आतली पार्किंगची पट्टी. खड्ड्यात गाडी आदळली की चालू होतो आणि नंतर पुन्हा बंद: लूज कॉन्टॅक्ट. अशा वेळी कोणताही पार्ट विकत घेऊ नका, आधी वायर हलवून पाहा.

फ्यूज नुसता बघून कळतो का?

तार तुटलेली दिसली तर फ्यूज गेला हे नक्की. पण तार शाबूत दिसते म्हणून फ्यूज चांगला, असं नाही. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते दाखवणाऱ्या टप्प्यावर) लावा किंवा टेस्ट लॅम्पने फ्यूजच्या दोन्ही टोकांना करंट येतो का ते पाहा. वायपरचा फ्यूज कोणता, हे फ्यूज बॉक्सच्या झाकणामागच्या आकृतीत असतं. एक बॉक्स बॉनेटखाली आणि दुसरा डॅशबोर्डच्या खाली असतो, दोन्ही बघा.

फ्यूजच्या रंगावरून त्याचे अँपिअर कळतात: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. गेला त्याच रंगाचा घाला. २० चा सारखा जातो म्हणून ३० चा घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जाळायची सोय करणं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर एक तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागली आहे, नाहीतर लिंकेज अडकून मोटर ओढ खाते आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, त्यामुळे वायरिंगला दातांच्या खुणा आहेत का तेही पाहा.

रिले तपासायची सोपी पद्धत कोणती?

अदलाबदल. बऱ्याच गाड्यांत हॉर्न, फॅन आणि वायपरचे रिले सारख्याच मापाचे असतात. रिलेवर छापलेला नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तर हॉर्नचा रिले काढून वायपरच्या जागी लावा. वायपर चालला तर दोषी सापडला, तोही एक रुपया न खर्च करता.

यात एक मेख आहे. चार किंवा पाच पायांचा साधा रिले, ज्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, तो कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. वायपरचा इंटरमिटंट रिले वेगळा. त्याच्या पायांवर ५३, ३१, १५ असे आकडे दिसले तर आत टायमर सर्किट आहे असं समजा आणि त्या जागी साधा रिले खुपसू नका. हा रिले गाडीप्रमाणे घ्यावा लागतो आणि थोडा महाग पडतो. जुन्या गाड्यांतला असा रिले उघडला तर आत एक रिले कॉइल, दोन-चार रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढाच संसार असतो. बॉनेटखालच्या उष्णतेने कपॅसिटर फुगतो किंवा रिलेच्या पायाजवळचं सोल्डर तडकतं. सोल्डरिंग येत असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तोच कपॅसिटर पाच-दहा रुपयांत मिळतो. नव्या रिलेच्या वाटेला जाण्याआधी हे करून बघायला हरकत नाही.

मोटर खरंच गेली आहे हे घरी कसं ठरवायचं?

बॅटरीवरून थेट करंट देऊन. आधी वायपरच्या दांड्या काचेवरून उचलून ठेवा आणि हात लिंकेजपासून लांब ठेवा. त्या यंत्रणेत बोट मोडण्याइतका जोर असतो. मोटरचा कपलर काढा. बहुतेक मोटरांना चार किंवा पाच वायरी असतात: स्लो, फास्ट, पार्किंगच्या एक-दोन आणि अर्थ. कुठली वायर कशाची, ते त्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये पाहा. अंदाजाने वायरी जोडू नका, कारण पार्किंगची पट्टी शॉर्ट झाली तर ठिणगी पडते. मध्ये फ्यूज असलेल्या वायरीने बॅटरीचा प्लस स्लोच्या पिनला आणि मायनस अर्थच्या पिनला द्या. अर्थची वेगळी वायर नसेल तर मायनस मोटरच्या बॉडीला द्या. मोटर फिरली तर ती चांगली आहे आणि बिघाड मागच्या वायरिंगमध्ये आहे.

मोटर थेट जोडूनही मरगळल्यासारखी फिरत असेल तर लिंकेज सोडवा आणि ती मोकळी फिरवून पाहा. मोकळी झाल्यावर ती सुसाट पळाली तर दोष पिव्होटमध्ये, म्हणजे वायपरच्या दांड्या ज्या खुंट्यांवर फिरतात त्यांत आहे. काचेच्या खालच्या काळ्या जाळीतून पाणी आणि धूळ त्या पिव्होटांवर पडते, ग्रीस वाळून त्याचा दगड होतो. पिव्होट काढून रॉकेलने धुवून नवं ग्रीस भरलं की तीच मोटर पुढची काही वर्षं काम देते. हळू चालणाऱ्या वायपरवर नवी मोटर घेणाऱ्या माणसाने हे न तपासता पैसे मोजले तर नवी मोटरही त्याच ओढीने लवकर जळते.

अर्थिंग कसं तपासायचं?

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक मोटरच्या धातूच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, आणि वायपर चालू. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थ खराब आहे. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांत हा दोष फार दिसतो: ब्रॅकेटच्या बोल्टखाली गंज चढतो. बोल्ट काढा, दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, थोडं पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळा. गंज जास्तच असेल तर मोटरच्या बॉडीपासून चांगल्या जागेपर्यंत एक वेगळी जाड वायर टाका.

बंद केल्यावर वायपर मधेच थांबतो. यासाठी मोटर बदलावी लागते का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे काम मला विशेष आवडतं, कारण आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. मोटरला लागून एक चपटा गिअरबॉक्स असतो. त्याचं झाकण चार-पाच स्क्रूंवर असतं. ते उघडलं की आधी दिसतं तपकिरी, चिकट ग्रीस, वर्षानुवर्षं तापून मेणासारखं घट्ट झालेलं. ते पुसलं की खाली एक पांढरा किंवा काळा नायलॉनचा गिअर आणि त्याच्यावर तांब्याची किंवा पितळेची गोल पट्टी. या पट्टीत एका जागी खाच असते. झाकणाच्या आतून आलेल्या दोन-तीन स्प्रिंगदार पत्र्याच्या जिभा या पट्टीवर घासत फिरतात. तुम्ही स्टिअरिंगजवळची दांडी बंद केली तरी मोटरला या पट्टीतून करंट मिळत राहतो. खाच जिभेखाली आली की तो तुटतो, मोटरचे दोन्ही टोक एकमेकांना जोडले जातात आणि ती जागच्या जागी ब्रेक लागल्यासारखी थांबते. वायपर खाली आपल्या जागी येऊन बसतो तो असा.

पट्टीवर काळा थर बसला किंवा जीभ वाकून उचलली गेली की हे गणित बिघडतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पट्टी बारीक सँडपेपरने अलगद घासा, जीभ किंचित खाली वाकवा, नवं लिथियम ग्रीस भरा. पट्टीत खोल चर पडला असेल किंवा ती जळून तुटली असेल तरच मोटर बदला. उघडण्याआधी क्रँक आर्म (मोटरच्या शाफ्टवरचा, लिंकेज हलवणारा छोटा दांडा) कुठल्या जागी आहे याची मार्करने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. ही खूण विसरली तर वायपर बॉनेटवर आपटतो किंवा काचेच्या कडेला.

योग्य पार्ट नंबर कुठून मिळवायचा?

पार्टवरच्या स्टिकरवरून किंवा ठशावरून. जुना पार्ट काढून पुसला की नंबर दिसतो. तो दिसत नसेल तर गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर आरसी बुकातून घ्या आणि कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. त्यांचा कॅटलॉग चॅसिस नंबरवरून नेमका पार्ट दाखवतो. ह्युंदाई आणि किआच्या पार्ट नंबरचे पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात: ९८११० म्हणजे पुढच्या वायपरची मोटर, ९८७०० मागच्या वायपरची मोटर, ९८५१० पाणी फवारणारा पंप. पुढची अक्षरं मॉडेलप्रमाणे बदलतात.

"स्विफ्टची मोटर द्या" एवढं सांगून काउंटरवर उभं राहू नका. स्विफ्टच्या पिढ्या वेगळ्या, मोटरही वेगळी. नंबर जुळला तरी पिनांची संख्या, कपलरचा आकार आणि ब्रॅकेटच्या बोल्टांमधलं अंतर जुन्या मोटरशी लावून पाहायचं. शक्य असेल तर जुनी मोटर सोबतच न्या.

ओरिजिनल, ओईएम, लोकल, जुना: काय घ्यावं?

कंपनीच्या डब्यातला पार्ट सगळ्यात महाग असतो. पण गाडी बनवणारी कंपनी वायपर मोटर सहसा स्वतः बनवत नाही. लुकास टीव्हीएस, बॉश, व्हॅलिओ, डेन्सो, मित्सुबा अशा कंपन्या मोटरी पुरवतात; स्विच आणि रिलेत मिंडा हे नाव भारतात मोठं आहे. तुमच्या जुन्या मोटरवर यातलं जे नाव कोरलेलं असेल, त्याच कंपनीचा पार्ट तिच्या स्वतःच्या डब्यात (यालाच इथे ओईएम म्हटलं आहे) मिळाला तर कमी पैशात तोच दर्जा मिळतो. कमी खर्चात टिकाऊ काम हवं असेल तर हा माझा पहिला सल्ला.

बिनानावाच्या लोकल मालाबद्दल माझं मत पार्टप्रमाणे बदलतं. पाण्याचा पंप किंवा साधा रिले लोकल घेतला तर फारसं बिघडत नाही. गेला तर पुन्हा बदलता येतो. मोटर आणि कॉम्बिनेशन स्विच लोकल घेऊ नका. लोकल मोटरीत गिअर मऊ नायलॉनचा असतो, आणि लोकल दांडीतले कॉन्टॅक्ट एका उन्हाळ्यात सैल होतात. बजेट तेवढंच असेल तर लोकल नव्या मोटरपेक्षा चांगल्या गाडीतून काढलेली जुनी कंपनीची मोटर घ्या.

मुंबई-पुण्यात कुठे जायचं?

पुण्यात नव्या पार्टसाठी नाना पेठ. गल्लीबोळातली दुकानं दुचाकी, चारचाकी असं वाटून बसलेली आहेत. एका दुकानात नाही म्हटलं तर तोच दुकानदार समोरच्याकडे बोट दाखवतो. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सुटे पार्ट दिसतात, पण तिथे नंबर जुळवून माल मिळणं नशिबावर. मुंबईत नव्या मालासाठी ऑपेरा हाऊसचा परिसर आणि जुन्या गाड्यांतून काढलेल्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मोटर दुरुस्त करून देणारे कारागीर मिळतात.

लहान गावात राहत असाल तर तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला जुन्या पार्टचा फोटो आणि नंबर व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याचे शहरातल्या दुकानाशी रोजचे व्यवहार असतात. पार्सल एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने दुसऱ्या दिवशी येतं. त्याचं कमिशन धरूनही तुमचा पेट्रोलचा खर्च आणि एक दिवस वाचतो.

भंगार बाजारातली मोटर घेताना काय बघू?

चार गोष्टी, आणि यांच्याशिवाय पैसे देऊ नका. मोटर कपलर आणि हातभर वायरीसकट घ्या. कपलरशिवाय घेतली तर नवा कपलर शोधण्यात मोटरएवढेच पैसे जातात. दुकानातल्या बॅटरीवर स्लो आणि फास्ट दोन्ही चालवून दाखवायला सांगा. मोटर थांबल्यावर बाहेरचा शाफ्ट हाताने हलवून पाहा. खेळ जास्त असेल तर गिअर झिजला आहे. आणि वास घ्या. जळलेल्या वार्निशचा तिखट वास आला तर आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, तापून गेलेलं आहे, ती मोटर दिवाळीसुद्धा पाहणार नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची मोटर ओळखायची खूण म्हणजे स्क्रूंच्या खाचांत आणि कपलरच्या आत सुकलेला बारीक गाळ. ती कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

भाव करताना नव्याच्या निम्म्याहून कमी किंमतीवर ठाम राहा. त्याच्या वर जात असेल तर ओईएम नवी घ्या.

मोटर दुरुस्त होते का, की फेकूनच द्यायची?

होते, आणि पूर्वी सर्रास व्हायची. कार्बन ब्रश झिजले तर नवे ब्रश बसवता येतात. हे काम फार तर काही शे रुपयांचं. आर्मेचरचा कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, काळा पडला असेल तर लेथवर हलका चाट देतात. पण आर्मेचर जळलं असेल तर रिवाइंडिंगच्या, म्हणजे तारा नव्याने गुंडाळण्याच्या, भानगडीत पडू नका; छोट्या मोटरीत ते टिकत नाही आणि मजुरी नव्या मोटरच्या जवळ जाते. मोटरीच्या आत चुंबकाचे दोन तुकडे बॉडीला चिकटवलेले असतात. त्यातला एखादा सुटून आर्मेचरला घासत असेल तर इपॉक्सीने चिकटवून पाहता येतं, पण माझा त्यावर विश्वास नाही.

ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं का?

कधी पडतं. बूडमोसारख्या संकेतस्थळांवर पार्ट नंबर टाकून कंपनीचा आणि पर्यायी पार्ट शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे बाजारात जाण्याआधी भाव कळायला ते उत्तम. दुकानात बोलणी करताना हा आकडा मोबाइलवर दाखवायला हरकत नाही. मात्र "सर्व मॉडेलसाठी" किंवा "युनिव्हर्सल" असं लिहिलेली मोटर घेऊ नका. कुरिअरचा खर्च आणि परत पाठवायचे नियम आधी वाचा.

"इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते. मग काय करायचं?

ही पाटी जवळपास प्रत्येक काउंटरवर असते, आणि त्यामागे दुकानदाराची बाजूही आहे: चुकीच्या वायरिंगवर लावून जाळलेली मोटर लोक परत आणतात. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच बॅटरीला लावून बघा. बहुतेक दुकानांत त्यासाठी बॅटरी आणि क्लिपा असतातच. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. दोषपूर्ण माल विकून पाटीकडे बोट दाखवणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुढे टिकत नाही. वाद वाढलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

बिलाबद्दल आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बहुतेक पार्टवर तो २८ टक्के होता. म्हणजे करापूर्वी हजार रुपयांच्या मोटरला पूर्वी १२८० पडत, आता ११८०. डब्यावर जुनी छापील किंमत असेल तर हे आठवून बोला.

कॉम्बिनेशन स्विच स्वतः बदलता येईल का?

जुन्या, एअरबॅग नसलेल्या गाडीत येतो. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. स्टिअरिंग काढावं लागत असेल तर बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. स्विच बदलण्याआधी दांडी काढून आतले कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवून पाहा. फक्त एखादा टप्पा चालत नसेल तर यानेच बऱ्याचदा काम होतं.

काचेवर पाणी येत नाही. पूर्ण टाकी बदलायची का?

नाही. पंप टाकीला रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला असतो आणि स्वतंत्र मिळतो, बऱ्याच गाड्यांसाठी काही शे रुपयांत. आधी आवाज ऐका: पंप गुणगुणतो पण पाणी येत नसेल तर नोझलमध्ये घाण आहे, टाचणीने साफ करा. टाकीत बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका.

मागचा वायपर बंद पडलाय, खर्च करण्यात अर्थ आहे का?

आधी डिकीच्या बिजागरीजवळचं रबरी नळकांडं सरकवून बघा. डिकी उघड-बंद होऊन तिथल्या वायरी आत तुटतात, आणि मागचा वायपर, काचेचा हीटर, नंबरप्लेटचा दिवा यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम जातात. वायर जोडून वर इन्सुलेशनची नळी घातली की झालं. मोटरच जाम असेल तर बहुतेकदा शाफ्टच्या रबरी सीलमधून पाणी आत गेलेलं असतं. महिन्यातून एकदा मागचा वायपर चालवला तर ती जाम व्हायची शक्यता कमी होते.

शारजात राहणारा भाऊ स्वस्तात जुनी मोटर आणतो म्हणतो. चालेल का?

शारजाचा जुन्या पार्टचा बाजार मोठा आहे खरा, पण तिथल्या गाड्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या. वायपरचा झाडायचा मार्ग आणि पार्किंगची बाजू उलटी असते, त्यामुळे लिंकेज बसत नाही आणि मोटरही चुकीच्या जागी थांबू शकते. पार्ट नंबर अगदी एक असेल तर रिले किंवा पंप आणू द्या. मोटर आणि कॉम्बिनेशन स्विच इथेच घ्या.

माझ्या गाडीत पावसाचा सेन्सर आहे. वरचं सगळं लागू होतं का?

फ्यूज, अर्थिंग, पिव्होट हे हो. मोटर मात्र नेहमीच नाही. काही नव्या महागड्या गाड्यांत मोटरच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतं. ती बॅटरीवर लावून तपासता येत नाही आणि नवी बसवल्यावर स्कॅनरने जुळवून घ्यावी लागू शकते. अशा गाडीत आधी स्कॅन करून घ्या. स्कॅनचे पैसे चुकीच्या मोटरच्या पैशांपेक्षा कमीच असतात.

वायपर नसताना गाडी चालवली तर दंड होतो का?

होऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ वायपरचाच आहे. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरणाला नेताना वायपर चालू नसेल तर परत यावं लागतं. पण दंडापेक्षा ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटातलं धुकं आणि समोरून येणारा ट्रक याची भीती बाळगावी.

घाटातच बंद पडला तर?

रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा, हॅझर्ड लाइट लावा, फ्यूज बघा. जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. त्याने पाणी काचेवर थेंब न होता पसरतं आणि थोडा वेळ दिसतं. जवळच्या ढाब्यापर्यंत हळू जायला तो उपाय ठीक, घाट उतरायला नाही. एक जादा फ्यूजचा संच आणि टेस्ट लॅम्प ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, दोन्ही मिळून दोनशेच्या आत येतं.

कधी घेतलं तर स्वस्त पडेल, आणि जुनी मोटर ठेवायची का?

मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. जूनमध्ये माल लवकर संपतो आणि दुकानदार बोलणी करत नाही. त्याच वेळी काचेखालच्या जाळीतली पानं काढून घ्या. गुलमोहराची बारीक पानं पाण्याची वाट बुजवतात आणि साठलेलं पाणी थेट मोटरवर जातं.

जुनी मोटर लगेच देऊन टाकू नका. नवी बसवून, दोन-तीन पावसांत चालवून बघा. मग ब्रॅकेट, कपलर आणि क्रँक आर्म काढून ठेवा, हे सुटे मिळत नाहीत. उरलेल्या मोटरीत तांबं असतं. काही दुकानदार नव्यावर थोडी सूट देऊन ती घेतात, नाहीतर भंगारवाला काट्यावर घेतो.